भट्टीवालीचा दीड तास

बेकऱ्यांच्या मोठ्या भट्ट्या दुरुस्त करणं हे तिचं काम, म्हणून बिल्डिंगमध्ये तिचं नाव भट्टीवाली. कुठल्याही शहरात भट्टी बिघडली की हिने हत्यारांची पेटी उचलायची आणि विमान गाठायचं. विमानाचं कौतुक पहिल्याच वर्षी विरलं होतं. पण बाई खमकी. विमान लांबलं की ती घड्याळाकडे न बघता पुस्तक उघडे. कानात दडे बसू नयेत म्हणून उतरताना लिमलेटची गोळी चघळे. शेजाऱ्याचं कोपर खुर्चीच्या हातावर पसरलं, तर आपलंही तिथेच रोवून गोड हसे. प्रवासाला ती पुरून उरली होती.

गोची व्हायची ती उतरल्यावर. दिवसभर गिळलेला सगळा राग घरी आल्यावर जिभेवर येई. एकदा दारातल्या चपलांच्या पसाऱ्यावरून तिने आठ वर्षांच्या लेकीला असं फैलावर घेतलं, की पोर बापाच्या मागे जाऊन लपली. नवऱ्याने वाकून चपला रांगेत लावल्या, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्यानंतर ती घरी विमानाची वेळ दीड तास पुढची सांगू लागली. तो दीड तास कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जाई. लाँड्रीवाली मोजकं बोलणारी. मागच्या खोलीत, इस्त्रीच्या गरम चादरींशेजारी, ती हिला एक स्टूल देई. फोन बंद, डोळे बंद. माणसात आली की ही उठे आणि हसऱ्या तोंडाने घरची बेल वाजवी. खोटं ते खोटंच, पण घरात शांतता होती. त्यामुळे तिचं मन तिला फारसं खात नसे.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो मात्र चुकला नाही. एका शनिवारी लेकीने हट्ट धरला, आईला आणायला विमानतळावर जायचंच. बापलेक सांगितलेल्या वेळेला तिथे हजर. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ते विमान केव्हाच उतरलं, सगळे प्रवासी गेलेसुद्धा. फोन लावावा तर बंद. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

इकडे भट्टीवाली घरी आली, तर दाराला कुलूप. फोन चालू केला, तर नवऱ्याचे मिस्ड कॉलच कॉल. तिने लगेच त्याला फोन लावला.

"अरे, मी घरी आलेय."

"थांब तिथेच," नवरा एवढंच म्हणाला.

जिन्यातच लेक तिला येऊन धडकली. "कुठे होतीस? आम्हाला वाटलं तू हरवलीस!"

टॅक्सी बंद पडली, हे वाक्य भट्टीवालीच्या ओठांवर तयार होतं. पण रडून सुजलेलं ते तोंड बघून तिला ते बोलवेना.

"खाली लाँड्रीत होते. विमानातून उतरले की फार चिडलेली असते गं मी. तुझ्यावर ओरडायला नको, म्हणून तिथे बसते."

"म्हणजे चादरींना तू चालतेस, आणि आम्हाला चालणार नाहीस?" नवरा उखडला.

लेकीने बाहीला नाक पुसलं. "मग घरी येऊन चीड ना. आम्ही बोलणारच नाही तुझ्याशी."

तेव्हापासून भट्टीवाली खरी वेळ सांगते, थेट घरी येते आणि सोफ्यावर डोळे मिटून पडते. ती आपणहून बोलेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. नवऱ्याला हे सहज जमतं. लेकीची मात्र परीक्षा असते, कारण शाळेतल्या भानगडी तिच्या पोटात मावत नाहीत. ती शेजारी चुळबुळत बसते आणि न राहवून हळूच विचारते, "आलीस का?"

"अजून नाही," आई म्हणते.

परवा धुक्यात विमान अडकलं आणि संध्याकाळी येणारी भट्टीवाली दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. ती सोफ्यावर कोसळलीच.

"आलीस का?"

तिने नुसती नकारार्थी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तशीच मान. आज काही खरं नाही, हे पोरीला कळलं. तिने आईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"ये सावकाश," ती म्हणाली, "मी आहे इथे."