अक्कांची चिमूट

तेल कोमट झालं की अक्का आधी बोटं त्यात बुडवत आणि बाळाचं नाक चिमटीत धरत. हातपाय मागाहून. "देवनी अर्धं करं, बाकीनं मना हातमा शे," हे ठरलेलं. तुमच्याही गल्लीत अशा एक अक्का असतील. अमळनेरातल्या आमच्या गल्लीतली सगळी सरळ नाकं आमच्या अक्कांची. बसकी निघाली, ती बापाच्या वळणाची!

माझ्या मुलीच्या नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधे, मऊसा उंचवटा होता. अक्कांनी तो पाहिला आणि पदर खोचला. "चाफानी कळी करी देसू, तू देख." रोज अंघोळीआधी त्या तो अंगठ्याने दाबत, आणि मी कौतुकाने बघत बसे.

एकदा पोर कळवळून रडली, तेव्हा तो उंचवटा फुगला. रडणं थांबलं तसा बसला. दुसऱ्याच दिवशी मी तिला धुळ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं.

धुळ्याला अक्का हट्टाने सोबत आल्या. एसटीत पोर त्यांच्याच मांडीवर होती. डॉक्टरांनी बॅटरी धरून नाक पाहिलं, दोन डोळ्यांतलं अंतर मोजलं, तिला थोडं रडू दिलं. मग विचारलं, "हे कोणी दाबतं का?"

अक्का आपणहून म्हणाल्या, "मी."

"आता बोटही लावू नका. इथे कवटीला भोक असलं, तर मेंदूचा भाग खाली उतरतो. आधी स्कॅन करू."

अक्कांनी हात पदराखाली घेतले. परतताना त्यांनी पोरीला घेतलं नाही. "मनामुये काही व्हयनं नही ना वं माय?" एवढंच विचारलं.

स्कॅनमध्ये भोक निघालं. मुंबईच्या ऑपरेशनपर्यंतचे दिवस आम्ही दोघींनी जीव मुठीत धरून काढले. पोर जरा कुरकुरली की अक्का समोरच्या घरातून धावत येत. "रडू नको वं माय, रडू नको," म्हणत, नजर नाकावर. हात मात्र लावत नसत.

ऑपरेशन नीट झालं. दाबल्याने काही बिघडलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. मी ते अक्कांना किती वेळा सांगितलं! त्या नुसती मान हलवत. पुढे माझ्या धाकट्याला त्यांनीच मालिश केली, पण त्यांचा हात कपाळावरून थेट गालावर उतरे.

अक्का शेवटच्या आजारात होत्या, तेव्हा मुलगी शाळेत जाऊ लागली होती. खाटेशी बसून ती रडायला लागली. अक्कांना फारसं बोलवत नव्हतं. त्यांनी डोळे उघडून तिच्या नाकाच्या मुळाशी पाहिलं. तिथे आता नुसता बारीक व्रण होता.

"रडू नको वं माय," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात गोधडीखाली ओढून घेतले.