पेटीवाल्या नानांची साइट

खर्च कितीही लहान असो, आकडा ऐकला की नाना आधी डोळे मिटून घ्यायचे. नाना म्हणजे ठाकूरद्वारचे पेटीवाले, हार्मोनियम दुरुस्त करणारे. मी छोट्या दुकानांच्या वेबसाइट करून देते, त्यामुळे त्या मिटलेल्या डोळ्यांसमोर मी बराच काळ बसलेली आहे.

त्यांच्या दुकानाची इमारत पुनर्विकासाला निघाली होती. नवी उभी राहीपर्यंत नाना डोंबिवलीला मुलीकडे बसून काम करणार होते. "पेटी काही रोज बिघडत नाही," ते म्हणायचे. "गिऱ्हाईक दहा वर्षांनी उगवतं. आलं आणि इथे नुसते पत्रे दिसले, तर समजेल म्हातारा गेला." साइट हवी होती ती तेवढ्यासाठी.

डोमेनचे पैसे दरवर्षी भरायचे, हे मात्र त्यांना पटेना. सगळा जन्म पागडीच्या गाळ्यात काढलेला माणूस. "एकदा पागडी दिली ना? मग वर्षाला परत कसले मागतात?" मी समजावून समजावून थकले. शेवटी "मालक तरी बरा आहे ना?" एवढं विचारून त्यांनी मान हलवली.

मग काटछाट सुरू झाली. फोटोग्राफर गेला, व्हिडिओ गेला, इंग्रजी पान गेलं. मला वाटलं, सुटले एकदाची. तर म्हणाले, "आता आपल्या खालच्या लॉन्ड्रीवाल्याला घाल. शेजारच्या खानावळीच्या वहिनींनाही. नवे पत्ते, फोन, सगळं."

"नाना, साइट तुमची आहे."

"अगं, माझ्या दुकानाला पाटी कधी होती? लोक लॉन्ड्रीत विचारून वर यायचे. तो नसला तर मी सापडणार कसा?"

वाचवलेलं सगळं त्या एका पानात गेलं. पांगलेल्या बिऱ्हाडांना फोन करून पत्ते गोळा करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. वैताग आला होता, खोटं कशाला बोलू.

साइट सुरू झाल्यावर नाना रोज संध्याकाळी फोन करायचे. "कोणी आलं का गं?" लोक यायचे, पण वहिनींच्या डब्यासाठी. पेटीचं कोणी विचारत नव्हतं. "असू दे," ते म्हणायचे, "डबा तरी मिळतोय लोकांना." आवाज मात्र उतरत चालला होता, आणि तो ऐकवत नसे.

थंडीत नाना गेले. "ताई, साइट बंद करून टाका आता," मुलगी म्हणाली. मी हो म्हटलं. त्या साइटचा मला खरंच कंटाळा आला होता. नानांचा नव्हता.

त्याच आठवड्यात, साइट बंद करायच्या आधीच, भायखळ्याहून लॉन्ड्रीवाल्याचा फोन आला. दादरच्या एक बाई टॅक्सीत पेटी घालून त्याच्या दुकानात आल्या होत्या. नानांचा फोन लागेना, म्हणून साइटवरचा शेजाऱ्याचा पत्ता धरून निघाल्या. "ताई, काय सांगू यांना?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"आधी बसवा त्यांना," मी म्हटलं. "चहा द्या. मग सांगा, नाना शेवटपर्यंत तुमचीच वाट बघत होते."