खंडेनवमीला उचललेला स्क्रूड्रायव्हर

मंडळी, आज खंडेनवमीला गोकुळ रोडवर रक्त सांडलं, तेही गाडीच्या स्पीकरपायी!

आमच्या जुन्या गाडीच्या दारातले स्पीकर फाटलेत. कॅसेट लावली की नुसती खरखर. गॅरेजचा मेस्त्री म्हणाला, "आज हत्यारं पूजेत आहेत, उद्या बसवतो." माझा थोरला भाऊ अण्णा ऐकतोय कुठला! कुंकू लावलेला स्क्रूड्रायव्हर पूजेतून उचलून स्वतःच दाराचं कव्हर उचकटायला लागला.

"मुट्टबेड! हात लावू नको!" असं आधी कानडीत, मग मराठीत ओरडत मेस्त्रीनं ठोसा हाणून त्याची भुवई फोडली. अण्णानं त्याचं डोकं दारावर आपटलं. लोकांनी दोघांना ओढून बाजूला केलं, तेव्हा कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, कळेना.

सकाळी घरी देवापुढची, पूजेतली कात्री उचलली म्हणून याच अण्णानं माझा हात पिरगाळला होता.

आता त्याच्या भुवईला पट्टी कापायची आहे. घरात कात्री ती एकच. सांगा, उचलू का?