चादरमावशी बोलली तो रविवार

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी चादरमावशीचं कौतुक सुरू केलं आणि तिसऱ्याच वाक्याला ती बाकावरून उठली. मी तिच्या शेजारी बसले होते. आधी वाटलं, खोकला आला असेल, बाहेर निघाली. पण तिने पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी गच्च धरली होती.

"कधी तक्रार नाही, कधी वर आवाज नाही," पाळकसाहेब सांगत होते. "गप्प राहून सेवा कशी करावी, ते हिच्याकडून शिका."

"पाळकसाहेब, बास करा," मावशी म्हणाली.

पुढच्या बाकांवरची माणसं वळून पाहू लागली.

चादरमावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत बावीस वर्षं आहे. हाताखाली पाच बायका. प्रत्येक वॉर्डाच्या मळक्या चादरी गाठोडी बांधून, वर वॉर्डाचा नंबर लावून खाली येतात. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक चादर टेबलावर उघडून झटकावी लागते. चार वर्षांपूर्वी मावशीच्या लक्षात आलं, की तीन नंबर वॉर्डाच्या गाठोड्यांत वापरलेल्या सुया येतात. सुया टाकायला पलंगाशेजारी डबा असतो, पण घाईत कुणीतरी त्या अंथरुणातच सोडून देत होतं.

मावशीने काय केलं? तीन नंबरचं प्रत्येक गाठोडं स्वतःच्या टेबलावर ओढून घेतलं. जाड रबरी मोजे, हातात चिमटा. सुई सापडली की डब्यात टाकायची आणि पुढची चादर घ्यायची. कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. बायका चिडवायच्या, "तीन नंबर म्हणजे मावशींचं माहेर, दुसऱ्याला हात लावू द्यायच्या नाहीत." मावशी नुसती हसायची. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा तो मिरवत बसला होता का, असं ती मनाशी म्हणायची, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

मग नातीच्या बाप्तिस्म्यासाठी ती दोन दिवस रजेवर गेली.

लाँड्रीत एक बाई आठ महिन्यांपूर्वी लागली होती. सगळ्या तिला अजून नवीच म्हणतात. मावशीच्या टेबलावर तीन नंबरची गाठोडी साचलेली नवीला दिसली. मावशी परत आल्यावर तिच्यावर भार नको, म्हणून तिने ती उघडायला घेतली. दुसऱ्याचं ओझं न सांगता उचलायचं, हे ती मावशीकडे बघूनच शिकली होती. हातात पातळ मोजे. दुसऱ्याच चादरीत सुई तळहातात घुसली.

एचआयव्हीचा पहिला रिपोर्ट चांगला आला. पण खरा भरवसा तीन महिन्यांनंतरचा. महिनाभर गोळ्या, त्यांनी होणाऱ्या उलट्या, आणि रिपोर्ट येईतोवर दहा महिन्यांच्या लेकीला अंगावर पाजणं बंद. लेक दाराशी रडते आणि नवी आत तोंडात पदर कोंबून बसते. मावशी तिच्या घरी जाऊन हे सगळं स्वतः बघून आली होती. त्यानंतरचा हा रविवार.

"माझं गप्प बसणं शिकवू नका कुणाला," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी गप्प बसले, म्हणून त्या पोरीला सुई टोचली. चार वर्षं मी सुया वेचल्या आणि वॉर्डाला वाटलं, सगळं ठीक आहे. पाय धुऊन झाल्यावर प्रभू गप्प बसला नव्हता, पाळकसाहेब. आपण काय केलं, ते त्याने शिष्यांना समजावून सांगितलं. मी अर्धंच शिकले. आणि तुम्ही त्या अर्ध्याचंच कौतुक करताय!"

मग ती पहिल्या बाकाकडे वळली. तिथे तीन नंबर वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर बसल्या होत्या. शनिवारी शिष्यत्वाचा वर्ग त्याच घेतात. स्वतःच्या उदाहरणाने इतरांना चालवा, हे मी त्यांच्याच वर्गात वहीत उतरवून घेतलंय.

"सिस्टर, उद्या सकाळी गाठोडं घेऊन वर येते. आपण दोघी उघडू."

बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले, "देवाच्या घरात असं बोलतात होय?" मला एवढा संताप आला की छत्री तिथेच विसरून मी घरी आले.

सोमवारी मावशी खरंच ट्रॉली ढकलत वॉर्डात गेली. सिस्टरांच्या टेबलावर तिने प्लॅस्टिक अंथरलं आणि जाड मोज्यांचा जोड त्यांच्यापुढे ठेवला.

"चारचौघांत माझी शोभा केलीत, मावशी. पोट भरलं नाही का?" सिस्टर म्हणाल्या.

"नाही भरलं. आधी मी उघडते, मग तुम्ही."

वॉर्डातल्या नर्सेस गोळा झाल्या. मावशीने चार चादरी उघडल्या, काही निघालं नाही. सिस्टरांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. त्यांनी मोजे चढवले आणि पाचवी चादर झटकली. सुई टेबलावर पडली. त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि मोजा उलटसुलट करून पाहिला, कुठे छिद्र पडलंय का. मोजा धड होता. तरी त्या खुर्चीत बसल्या.

"रोज हे?" त्यांनी विचारलं.

"आठवड्यातून दोन-तीनदा. आणि प्रत्येक वेळी मी गप्प."

त्या दिवसापासून तीन नंबरचं गाठोडं वॉर्डातच झटकून, सिस्टरांच्या सहीने खाली येतं. पहिले पंधरा दिवस सिस्टरांनी ते स्वतः झटकलं, मग नर्सेसना लावलं. मावशीचा राग मात्र गेला नाही. सही पाहूनही ती प्रत्येक चादर चिमट्याने उघडायची आणि "तीन नंबर, पहिली चादर, दुसरी चादर" असं मोठ्याने मोजायची. भिंतीपलीकडच्या इस्त्रीवाल्यालाही तीन नंबरचं गाठोडं उघडल्याचं कळायचं.

तीन महिन्यांनी नवीचा रिपोर्ट स्वच्छ आला. लेक आता वाटीने पिते, अंगावर घेत नाही. तेवढं गेलं ते गेलंच. कामावर परत आली त्या सकाळी नवी सरळ तीन नंबरच्या गाठोड्याकडे गेली.

"थांब, आधी मी," मावशी म्हणाली.

"आधी तुम्हीच, मावशी," नवी जाड मोजे चढवत तिच्या शेजारी उभी राहिली. "पण हातांबरोबर तोंडही चालू ठेवा. गप्प झालात, तर मी सिस्टरांना बोलावीन."