चिनी दातवाल्यांचा होकार

नव्वदच्या आसपास उल्हासनगरात एक चिनी दातवाले होते. आईची दाढ दुखायला लागली तेव्हा जांभूळ गावाहून मी तिला त्यांच्याकडे नेलं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कुठलंही अवजार ते आधी पेशंटला नीट दाखवत आणि मगच तोंडात घालत.

आईला इंजेक्शन दिल्यावर, भूल चढेपर्यंत त्यांनी खिशातलं एक पत्र काढून त्यात काय आहे ते आम्हाला सांगितलं. चीनमधल्या त्यांच्या गावामागे, पूर्वजांच्या थडग्यांभोवती, जुनी राई होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नसे. आता तिथे कारखाना येणार होता. हे थोरल्या घरातले, म्हणून पुतण्याने यांचा होकार मागितला होता. कारखाना झाला तर त्याच्या मुलाला नोकरी लागणार होती.

"ताई, तुमच्या गावात असं जंगल हाय काय?" त्यांनी विचारलं.

"व्हती ना देवराई. कारखान्याला दिली," आई जड झालेल्या जिभेने म्हणाली. "देवी आता पत्र्याखाली बसलीय. तिला फुलं बाजारातून आनतो." मग थोडं थांबून म्हणाली, "पन ह्याच्या बापाला नोकरी लागली. म्हनून ह्यो कॉलेजात गेला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोरगा अच्छा हाय," ते म्हणाले. "मग मी 'नाही' कसं लिहू?"

मी काही बोलेन म्हणून ते थांबले होते, असं मला अजून वाटतं. बीएस्सीला मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. तेवढंही मला त्यांना सांगता आलं नाही.