सीट अंगणात, बाबा सीटवर

आमच्या घरात बाबांचा गाडीच्या सीटवर बसलेला एकच फोटो आहे, आणि त्यात गाडी नाही.

सीट आहे. सीटवर कडक इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी आणि बाबा आहेत. मागे गोठा आहे. बाबा आता नाहीत. फोटोला हार घालताना पाहुणे हळूच विचारतात, "हे नेमके कुठं बसले होते?" मग बायको माझ्याकडे बघते. म्हणून एकदाचं सांगूनच टाकतो.

इंझोरीच्या आमच्या घरात पहिली चारचाकी आली (जुनीच, पण आमच्यासाठी नवीकोरी!), त्याच आठवड्यात शेलूबाजारला ताईच्या मुलीचं, वैशूचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. वैशूनं फोनवर बजावलं होतं, "आबा, समोरच्या सीटवरून उतरजा बरं! मी दारात उभी राहून पाहीन." तेव्हापासून बाबा शेजाऱ्यांना गाडी दाखवतच नव्हते, सीट दाखवत होते.

साक्षगंधाच्या सकाळी बाबा ऐटीत पुढे बसले. त्यांचा पट्टा मी स्वतः लावला. खट्ट! गाडी सुरू केली आणि तिनं कुईं कुईं आरंभलं. समोर पट्ट्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

"काहून वरडून राह्यली हे?" बाबा म्हणाले.

"पट्टा लावा म्हनते."

"लावला ना! तिले दिसत नाई का?"

मागच्या सीटवरून बायकोनं, मीनानं, शिदोरीचा डबा सांभाळत मान पुढे काढली. "अवो, त्या खटक्यात कचरा गेला असंल. फुकून पाहा जरा."

फुंकून! ज्या माणसानं अर्ध्या गावाच्या मोटारपंपांचे स्टार्टर खोलले (त्यातले काही परत जोडलेसुद्धा!), त्याला ही बाई फुंकायला सांगत होती!

"मीना, हा इलेक्ट्रिकल फॉल्ट हाय. सेन्सरचा," मी म्हणालो आणि टेस्टर आणायला घरात गेलो.

मोबाइलवरच्या व्हिडिओत एक माणूस सांगत होता की सीटखाली सेन्सर असतो, माणूस बसला की त्याला कळतं. मी तपासणी सुरू केली.

"बाबा, उठा." उठले. आवाज बंद! "बसा." कुईं! "उठा. आता एका कुशीवर बसा." कुईं! "बाबा, अंग जरा हलकं सोडा."

"आता कितीक हलकं करू? टोपी काढू का?"

निष्कर्ष उघड होता. गाडीला बाबा दिसत होते, पट्टा दिसत नव्हता. म्हणजे बिघाड सीटखाली! (म्हणजे कसा, ते मला आजही सांगता येणार नाही.) मी पाने काढले, बोल्ट खोलले आणि सीट उचलून अंगणात ठेवली. बाबा शांतपणे तिच्यावर जाऊन बसले. सीट त्यांची होती!

रस्त्यानं जाणारे थबकायला लागले. "रामराम बाबा! निघाले का साक्षगंधाले?"

"निघालो ना," बाबा म्हणाले. "गाडी मांगून येऊन राह्यली."

मीनानं तेवढ्यात फोटो काढला. तोच हा.

इकडे मी गाडीत पालथा पडून वायरींशी झुंजत होतो. सीट काढताना एक जोड ओढला गेला होता, त्याची प्लास्टिकची कडी मोडून हातात आली आणि समोर दुसराच दिवा लागला.

"हा कायचा?" मीनानं विचारलं.

"फुग्याचा."

"कोनता फुगा?"

"धडकलो तर निंगते तो."

"आधी घरातून तर निंगा!"

एवढं बोलून ती अंगणातल्या सीटकडे वळली. सीटच्या बाजूचा खटका उलटा करून तिनं दोनदा आपटला, मग डोक्यातली पिन आत फिरवली. तिच्या तळहातावर कुंकवानं माखलेले तांदळाचे दाणे पडले.

अक्षता!

गाडीची पूजा मीच केली होती. भक्तीच्या भरात चाकं, आरसे, स्टिअरिंग, काही सोडलं नव्हतं. खटक्याच्या फटीतही अक्षता वाहिल्या होत्या, तिथला देव रुसायला नको म्हणून! पट्टा बसत होता, पण आतली कळ दाण्यांमुळे दबत नव्हती.

"फुकून पाहा म्हनलं होतं," मीना म्हणाली. आवाज न चढवता. ते जास्त लागतं!

मी घाईघाईनं सीट बसवायला घेतली, बोल्ट तिरपा पिळला, आटे गेले. सीट डुलायला लागली.

"बाबाइले ह्याच्यावर बसवता? झोका हाय का तो?"

बाबांनी वर उन्हाकडे बघितलं. "गजा, पोरगी दारात उभी असंल रे."

रागावले असते तर बरं झालं असतं.

एवढ्यात रस्त्यावरून शेलूबाजारकडे जाणारी काळीपिवळी जीप आली. बाबांनी हात केला. त्यांचं धोतर, टोपी आणि वय बघून जीपवाल्यानं पुढची माणसं मागे कोंबली आणि बाबांना शेजारी बसवलं. मीनाही शिदोरी घेऊन चढली.

"आन् मी?"

"तुमी गाडी आना," ती म्हणाली, बैल आणा म्हणावं तसं.

डुलणारी सीट परत अंगणात उतरवून मी गाडी पळवली आणि वाटेत जीपला गाठलं. पुढे बाबांची टोपी दिसत होती. एकदा त्यांनी ड्रायव्हरला टाळी दिलेलीही दिसली. ताईच्या दारात ते समोरच्या सीटवरून उतरले आणि वैशू धावत आली, "आबा आले! आबा आले!" गाडी कोणाची, हे त्या पोरीनं पाहिलंसुद्धा नाही. पाहत होते ते फक्त बाबा, सगळ्यांकडे, आळीपाळीनं.

मी काळ्या हातांनी, ग्रीस लागलेल्या शर्टात गाडीतून उतरलो. मुलाकडचे एक काका लगबगीनं आले. "ड्रायव्हरभाऊ, गाडी तिकडं झाडाखाली लावा अन् मांगच्या पंगतीत जेवून घ्या." भूक लागली होती. जेवलो! जरा वेळानं मांडवात हाक उठली, "नवरीचा मामा कुठं हाय? टोपी-दुपट्टा द्याचा हाय!"

"तो काय," बाबा भर मांडवात ओरडले, "ड्रायव्हरच्या पंगतीत बसून वरन वरपून राह्यला!"

काका ओशाळले, माफी मागायला लागले. पण खरं सांगतो, त्यांनी मला कमी लेखलं नव्हतं, उलट बढतीच दिली होती. ड्रायव्हरच्या गाडीत निदान कोणीतरी बसतं!