पाच सदऱ्यांच्या गाठी

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. वय झालं की माणूस निवळतं म्हणतात. मी निवळले नाही. कुणी चिखलदऱ्याचं नाव काढलं की माझ्या बोटांची टोकं आजही चुरचुरतात.

साठ सालानंतरची गोष्ट. मी तेरा वर्षांची होते. आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो. वडील जिनिंगमध्ये कारकून होते. घरात आई, मी, दोन धाकटे भाऊ आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई. आत्याबाईंचा शब्द घरात शेवटचा असायचा. त्या वर्षी अमरावतीच्या मामाने पत्र धाडलं, की उन्हाळ्यात सगळे मिळून चिखलदऱ्याला चार दिवस जाऊ. आमच्या घराण्यात तोवर कुणी नुसतं फिरायला म्हणून कुठे गेलेलं नव्हतं. लग्नाला, मौतीला किंवा कोर्टाच्या तारखेला जायचं, एवढंच माहीत.

वडिलांच्या डोक्यात आलं, की सगळ्यांचे सदरे एकसारखे असावेत, म्हणजे गर्दीत पोरं हरवणार नाहीत. त्यांनी मांजरपाटाचं ठाण आणलं. वडील, दोघे भाऊ, मामा यांचे चार सदरे आणि माझा एक झंपर. घरात त्यालाही सदराच म्हणत, म्हणून पाच सदरे. आई आणि आत्याबाई लुगडं नेसायच्या, त्यांना काही नाही. पण पांढराफटक मांजरपाट घालून फिरायला जायचं म्हणजे दवाखान्यातून उठून आल्यासारखं. मी म्हटलं, मी याच्यावर बांधणी करते.

मला ती येत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका रंगाऱ्याचं घर होतं. त्याच्या बायकोपाशी बसून मी दोन वर्षं पाहून पाहून शिकले होते. कापडाखाली ज्वारीचा एक दाणा धरायचा, वरून चिमटीत पकडायचा, दोऱ्याचे सहा-सात घट्ट फेरे घालायचे. जिथे दोरा, तिथे रंग जात नाही. आधी पांढऱ्या ठिपक्यांच्या गाठी, मग पिवळा रंग. पिवळ्यावर आणखी गाठी, मग लाल. वाळून खडखडीत होईस्तोवर एकही गाठ सोडायची नाही. ती बाई मला म्हणायची, ‘हात तुहे, पन सबुरी गाठीची.’

मी पंधरा दिवस गाठी बांधल्या. शाळेला सुट्टी होती, तरी मी खेळायला गेले नाही. दोऱ्याने बोटं चिरायची, त्यावर हळद लावून परत बसायचे. आईसाठी काहीच नव्हतं, म्हणून उरलेल्या तुकड्याचा एक रुमाल गुपचूप बांधायला घेतला. पळसाची वाळवलेली फुलं होळीपासून ठेवलेली होती. ती उकळून, तुरटी घालून मी सगळं पिवळं काढलं. मग दुसऱ्या गाठी बांधल्या. उरला फक्त पुडीचा लाल रंग. तो उद्या सकाळी.

आणि त्या सकाळी मला कावळा शिवला.

मागच्या पडवीत तरटावर माझी रवानगी झाली. वेगळा गडू, वेगळी ताटली, तीन दिवस कशालाही हात लावायचा नाही. त्याची मला सवय झाली होती. मी तिथूनच आईला ओरडून सांगितलं, ‘माय, रंग नुसता कढव, मीठ टाक आन् बुडव. गाठीले हात नको लावू.’ आई म्हणाली, ‘बरं.’

दुपारी आत्याबाई मागच्या दारात आल्या आणि त्यांनी ओंजळीतलं काहीतरी परसात भिरकावलं. परत आत गेल्या, परत ओंजळ घेऊन आल्या. चिमण्या जमल्या. मी पाहिलं तर ज्वारीचे दाणे होते. पिवळे दाणे. अख्ख्या अकोल्यात पिवळी ज्वारी फक्त माझ्या गाठींत होती.

मी किंचाळले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, ‘काल रातीच तुहं पोट दुखून राहिलं होतं. मंग कालचाच विटाळ असंन. थ्या गाठी तुह्याच हातच्या. गाठीत विटाळ राह्यते, वरून पानी टाकून जात नाई. म्हनून सोडून, धुऊन, गोमूत्र शिंपडून घेतलं.’

आता यावर काय बोलायचं? पाण्यात विटाळ, सावलीत विटाळ, इथवर मी ऐकलं होतं. दोऱ्याच्या फेऱ्यात दडून बसलेला विटाळ हा आत्याबाईंचा स्वतःचा शोध. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पडवीची पायरी ओलांडायची नव्हती, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. संध्याकाळी सदरे दोरीवर दिसले. कुठे तांबडे, कुठे विटकरी, आणि ठिपक्यांच्या जागी खरजेसारखे डाग. आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘पोरीची सावली पडली रंगावर.’

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते असं. वडिलांनी ऐकलं आणि हूं म्हणून जेवायला बसले. आई तिथेच उभी होती. गाठी कुणी सोडल्या ते तिने पाहिलं होतं. तिने वडिलांच्या ताटात भाकरी वाढली.

रुमाल मात्र माझ्यापाशी होता, गाठींसकट, उशाच्या गाठोड्यात. उरलेला लाल रंग आत्याबाईंनी जुन्या लुगड्यासाठी परसात पातेल्यात झाकून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सगळे निजलेले असताना मी पडवी ओलांडली. उन्हाने पातेलं इतकं तापलं होतं की चूल पेटवायची गरज नव्हती. मी दोन्ही हात मनगटापर्यंत रंगात घातले. रुमाल बुडवायला एवढे हात लागत नाहीत. मी मुद्दाम घातले.

वाळल्यावर रुमाल आडवा ओढला, गाठी तडतड सुटल्या. लालावर पिवळे ठिपके, मधे पांढरे. एकही फुटलेला नव्हता. रंगाऱ्याच्या बायकोने पाहिला असता तर दुकानात लावला असता.

चौथ्या दिवशी न्हाले, हातांची लाली राखेने घासून काढली, पाचव्या दिवशी अमरावतीला गेलो. मामीने विचारलं, ‘ठिपक्याचे सदरे करून राहिले होते न तुमी?’ आत्याबाईंनी सावलीची गोष्ट सांगितली, चांगली मीठमसाला लावून. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल काढून सतरंजीवर टाकला आणि म्हटलं, ‘हा म्या रंगवला. त्याच पातेल्यात, त्याच रंगात, तिसऱ्या दिवशी. हात घालून. याले काहून विटाळ नाई झाला मंग?’

मला वाटलं होतं, आता तरी यांची तोंडं बंद होतील. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. ‘पाहा वयनी,’ त्या आईला म्हणाल्या, ‘मी सांगतच होती. पातेल्याले शिवली होती ही. सदरे बिघडतीन नाई तं काय?’

सदरे पहिल्या दिवशी बिघडले, मी पातेल्याला तिसऱ्या दिवशी शिवले. एवढा हिशेब तिथल्या एकाही मोठ्या माणसाला करता आला नाही. मामी ‘अगं बाई’ म्हणाली. वडील म्हणाले, ‘जाऊ द्या आता.’ मी आईकडे पाहिलं. ती सतरंजीची दशी वळत होती.

दुसऱ्या दिवशी परतवाड्यावरून बस घाटाला लागली. पुढे ते डागाळलेले सदरे ओळीने बसले होते. मी आईशेजारी होते. आडवं ओढायची युक्ती ठाऊक नसताना पंधरा दिवसांच्या गाठी एकट्या आत्याबाईंकडून एका सकाळीत सुटणं शक्य नव्हतं, हे मला तिथे कळलं. ज्याने बांधल्या त्यालाच ते कळतं. मी विचारलं, ‘माय, तूनं किती सोडल्या?’

ती म्हणाली, ‘बाईनं दोन सदरे सोडले. तीन म्या.’

‘काहून?’

‘बाई काई थांबत नव्हत्या. मले वाटलं, गाठी सुटल्या तरी रंगासाठी चौथ्या दिवसापर्यंत थांबतीन. तू न्हाली का पुन्हा बांधशीन.’

‘एका दिवसात? पाचही?’

‘तुले येते न,’ आई म्हणाली.

ती कौतुकाने म्हणाली. तेच मला सहन झालं नाही. आत्याबाईंना माझ्या हातांचा विटाळ होता, तो मी थोबाडावर फेकू शकत होते. आईला माझ्या हातांचा अभिमान होता आणि तरी त्या हातांचे पंधरा दिवस तिने चिमण्यांना जाऊ दिले, कारण ते हात फुकटचे होते, पुन्हा राबणारच होते. जसे तिचे राबत होते.

तिने माझ्या मांडीवरचा रुमाल उचलला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं. ‘लय सुंदर झाला वं. कोनासाठी केला?’

‘माह्यासाठी,’ मी म्हटलं आणि तिच्या हातातून काढून घेतला.